नळाला पाणी आलं त्या दिवसाचा व्हिडिओ

मागच्या खेपेला मी इथं ब्लाउजच्या मापांबद्दल बोलले होते. आज विषय वेगळा आहे. मोबाईलवर करायच्या छोट्या व्हिडिओंबद्दल बोलायचंय. आपल्या रोजच्या दिवसाचे, आपल्या गल्लीचे, आपल्या बीड शहराचे चार तुकडे घ्यायचे, ते एकाला एक जोडायचे आणि त्याला गाण्याची नाहीतर एखाद्या आवाजाची साथ द्यायची, एवढंच. विषय ऐकून आमच्या गल्लीतली एक जण म्हणाली, “अगं माय, आता ह्या वयात रील करायलीस का?” हो बाई, करायलेय. आणि चार वर्षं झाली करायलेय.

सुरुवात रेल्वेपासून करते, कारण तो दिवस तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. 17 सप्टेंबर 2025, मुक्तिसंग्राम दिन. बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली. परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून, पण जिल्ह्याच्या गावाला नाही. ‘रेल्वे येणार, रेल्वे येणार’ हे ऐकत आमची पिढी परकरातून नऊवारीत गेली. त्या दिवशी सगळं बीड तिकडं लोटलं होतं, आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल वर. मीही वर केला. घरी येऊन बघते तर दोन मिनिटं नुसते लोकांचे हात, हातांत मोबाईल आणि त्या मोबाईलांच्या पडद्यावर इवलीशी रेल्वे. खरी गाडी माझ्या व्हिडिओत जवळपास नाहीच! फक्त मध्ये आठ सेकंद, हात दुखून खाली आला होता तेव्हा, एक म्हातारी पाठमोरी दिसते. डोक्यावर पदर. ती डब्याच्या पत्र्याला हात लावते आणि तोच हात कपाळाला लावते, देवळाच्या पायरीला लावावा तसा. मग कुणीतरी मध्ये येतं आणि संपलं.

मी ते आठ सेकंद ठेवले, बाकीचं पुसून टाकलं. गाडी दाखवणारे हजारो व्हिडिओ त्या रात्री मोबाईलवर फिरत होते, माझ्यापेक्षा चांगले, ड्रोनवरून काढलेले. पण त्या म्हातारीचा हात मला त्यात कुठं दिसला नाही.

आता थोडं मागं जाते. आपल्याकडं हे सगळं टिकटॉकपासून सुरू झालं. खेड्यापाड्यातल्या माणसांनी, शेतात, गोठ्यासमोर, ट्रॅक्टरवर बसून केलेले पंधरा-पंधरा सेकंदांचे व्हिडिओ. शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली, पण आपल्यासारख्या गावाकडच्या माणसाचं बोलणं, आपला हेल, पडद्यावर पहिल्यांदा असा विनापरवाना आला. मग 29 जून 2020 ला सरकारनं 59 चिनी ॲप बंद केले, त्यात टिकटॉक गेलं. आठ-दहा दिवसांत इन्स्टाग्रामनं रील आणलं, त्याच वर्षी यूट्यूबनं शॉर्ट्स आणलं. लॉकडाऊनमुळं पोरांच्या शाळेसाठी घरोघर स्मार्टफोन आलेला होताच. शाळा उघडल्यावर पोरं शाळेत गेली आणि दुपारी दोन तास तो फोन आयांच्या हातात आला. माझ्याही आला.

पण मोबाईलवर ‘बीड’ एवढंच लिहून बघा काय येतं ते. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगची ती घटना झाली आणि त्यानंतर महिनोन्महिने टीव्हीवर, फोनवर आपलं बीड म्हणजे पिस्तूल नाचवणारी पोरं, काळ्या काचेच्या गाड्या आणि मागं दणदणीत गाणं. त्याआधी 2019 ला आपण देशभर दिसलो ते ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या म्हणून. त्याच्याआधी दुष्काळ, टँकर आणि जनावरांच्या छावण्या. यातलं खोटं काही नाही. हे लोकांसमोर यायलाच पाहिजे होतं. पण माझी भाची पुण्याला नर्सिंग शिकते, तिला होस्टेलमधल्या पोरी विचारतात, “तुझ्या गावात बाहेर पडायला भीती नाही का वाटत?” ती मला फोनवर म्हणाली, “मावशी, मला काहीतरी पाठव गं बीडचं. आपल्या घरातलं, गल्लीतलं. ह्यांना दाखवते.”

त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं. बीडमध्ये नळाला पाणी येणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. रोजच्या दिवसात तो एक सण असतो. मी फोन जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवला आणि कामाला लागले. नळातून आधी हवा येते, फुस्स आवाज येतो. मग घरोघरी मोटारी सुरू होतात. पाइप गल्लीतून सापासारखे ओढले जातात, घागर भरताना आवाज बारीक बारीक होत जातो, ड्रमचं झाकण पडतं, कुणाची तरी हाक येते, “ये गं, पानी गेलं बघ!” ते सगळं मी चाळीस सेकंदांत बसवलं आणि भाचीला पाठवलं. होस्टेलच्या पोरींनी तो तीनदा बघितला म्हणे. त्यातल्या दोघी विदर्भातल्या होत्या, त्या म्हणाल्या, “हे तर आमच्या घरचंच आहे.”

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे ह्या छोट्या व्हिडिओंना मी एवढी का चिकटले ते कळेल. लोक म्हणतात हे नवीन फॅड आहे. मला तसं वाटत नाही. जात्यावरची ओवी काय होती? चार ओळींची, मोठी नाहीच. बाई स्वतःचं सांगणार. माहेरची वाट, भावाचं येणं, सासूचा बोल, लेकाचं आजारपण, पडलेला पाऊस. आणि ते कशाच्या साथीनं? जात्याच्या घरघरीच्या. रोजचं जगणं, थोडक्यात, तालावर. ऐकणारी समोरची जाऊ नाहीतर शेजारीण, टाळ्या वाजवणारं कुणी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्या दोघांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांच्या ह्या कामात 1996 साली आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्याही ध्वनिमुद्रित झाल्या. बाबासाहेबांवर, बुद्धावर, स्वतःच्या घरादारावर रचलेल्या. आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. जरूर ऐका. त्या बायकांनी कधी विचारही केला नसेल की आपला आवाज इतका लांब जाईल आणि इतकी वर्षं राहील.

तो आवाज राहिला, कारण कुणीतरी तो जसाच्या तसा ठेवला. माझ्या हातून नेमकं उलटं झालं.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुपारी उंबऱ्याशी सूप घेऊन ज्वारी निवडत बसायच्या. निवडताना तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायच्या. मोठ्यानं म्हणा म्हटलं तर लगेच बंद. 2022 च्या उन्हाळ्यात मी त्यांचा एक व्हिडिओ घेतला. ऊन तिरपं होतं, सुपातला कोंडा उडताना सोन्यासारखा दिसत होता, त्यांचे हात दिसत होते आणि त्या गुणगुणत होत्या. दीड मिनिटाचा असेल. मी तेव्हा नवी नवी. मला वाटलं ह्याला छान गाणं पाहिजे. तेव्हा जे गाणं सगळीकडं वाजत होतं ते लावलं, मूळ आवाज शून्यावर नेला, पंधरा सेकंदांचा व्हिडिओ केला. पुष्कळ जणींना आवडला. आत्याबाईंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, “मी कुटं अशी दिसते?” आणि परत परत बघितला.

मग काही दिवसांनी मोबाईल भरला. ‘जागा शिल्लक नाही’ असं यायला लागलं. मी बसून जुनं सगळं पुसलं, त्यात तो मूळ दीड मिनिटाचा व्हिडिओही पुसला. म्हटलं, केलेला आहेच की. पुढच्या वर्षी आत्याबाई गेल्या. आमच्या ह्यांनी एके दिवशी विचारलं, “आईचा आवाज आहे का गं तुझ्याकडं कुठं?” माझ्याकडं पंधरा सेकंद आहेत. त्यात आत्याबाईंचे ओठ हलतात आणि एक सिनेमातला माणूस गातो.

त्या दिवसापासून मूळ व्हिडिओ मी पुसत नाही. मेमरी कार्डात टाकते नाहीतर लेकाच्या कॉम्प्युटरवर ठेवते. गाणं लावायचं असलं तर मूळ आवाज पूर्ण बंद करत नाही, गाणं खाली आणि आपला आवाज वर ठेवते. व्हिडिओ जोडायच्या बहुतेक ॲपमध्ये दोन्हीचे वेगळे पट्टे असतात, बोटानं कमी-जास्त करता येतात. आणि निम्म्या वेळा तर गाण्याची गरजच नसते. आपल्या घरात ताल कमी आहेत का? माझं शिलाई मशीनच घ्या. पायडलवर पाय पडला की टकटकटक असं चालतं, वळणावर हळू होतं, टीप संपली की थांबतं. त्यावर मी एक अख्खा व्हिडिओ बसवलाय. टकटक चालू असताना माळीवेशीतली भाजीची पाटी, कारंजावरची गर्दी, सुभाष रोडवरचे दुकानाबाहेर टांगलेले परकर. मशीन थांबलं की बिंदुसरेचं पात्र, जिथं वर्षातले किती महिने पाण्याचा आवाजच नसतो. तिथं मी तीन सेकंद शांतता ठेवली. ते कुणाला कळलं की नाही माहीत नाही, मला बरं वाटलं.

गाण्याबद्दल अजून एक. दुसऱ्याचं गाणं आपल्या चॅनेलवर लावलं तर कधी आवाज बंद करून टाकतात, कधी हक्काचा दावा येतो. घाबरायचं नाही, पण आपल्या भजनी मंडळाचा मृदंग, तांड्यावरच्या बायकांचं गाणं, लग्नातली हलगी, हे सगळं आपल्याजवळ आहे आणि त्यावर दावा करायला मुंबईहून कुणी येत नाही. फक्त गाणाऱ्या बाईला आधी विचारायचं, आणि तिचं नाव खाली लिहायचं का, हेही विचारायचं. तिला नको असलं तर नाही लिहायचं.

आता शिवणाऱ्या बाईच्या भाषेत थोडं कामाचं सांगते. व्हिडिओ घेणं म्हणजे कापड आणणं, जोडणं म्हणजे कटिंग आणि शिलाई. कापड कमी पडलं तर ब्लाउज होत नाही, तसं प्रत्येक गोष्ट निदान दहा सेकंद घ्यायची. नवीन बाई काय करते, फोन इकडून तिकडं फिरवत राहते. बघणाऱ्याला चक्कर येते. फोन हलवायचा नाही, समोरचं जग हलू द्यायचं. तिपाई नसली तर पिठाचा डबा, दोन विटा, खिडकीची जाळी, काहीही चालतं. शेवटी पंधरा सेकंदांत सात-आठ तुकडे येतात, म्हणजे एक तुकडा दोन सेकंदांचा, पण कापताना दोन्ही बाजूंनी शिलाईला जागा सुटलेली पाहिजे. भाकरी थापतानाचा व्हिडिओ घेताना पहिला हात पडायच्या आधी सुरू करायचा आणि भाकरी तव्यावर पडल्यानंतर थोडं थांबून बंद करायचा. काच पदरानं पुसायची. हे हसण्यावारी नेऊ नका, आपल्या फोनच्या काचेला कायम तेलाचा नाहीतर पिठाचा हात लागलेला असतो आणि सगळं धुक्यातल्यासारखं येतं. उजेड पाठीमागं घ्यायचा, तोंडासमोर नाही. सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन घ्या. आपल्याकडच्या दुपारी बाराच्या उन्हात तर मंदिरसुद्धा पांढरं फटक दिसतं.

आणि तालावर कापायचं कसं? सोपं आहे. आवाज लावा, डोळे मिटा, टाळी वाजवत ऐका. जिथं टाळी पडते तिथं चित्र बदला. पण प्रत्येक टाळीला बदललं तर कंटाळा येतो. दोन टाळ्या सोडा, तिसरीला बदला, मग एकदम पुढच्याला. भजनात मृदंगवाला करतो तेच.

ही कापाकापी बाईच्या हातातली आहे हे मला उशिरा कळलं. भाचीनं मला एक जुना सोव्हिएत सिनेमा दाखवला, 1929 सालचा, ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’. त्यात ना गोष्ट ना नट. एका शहराचा दिवस आहे. सकाळी खिडक्या उघडतात, ट्राम निघते, बायका केस धुतात, कारखाना चालतो. खरं तर ते तीन-चार शहरांत घेतलेलं आहे, पण दिसतं एकच. दिग्दर्शकाचं नाव झिगा व्हर्टोव्ह. त्याच सिनेमात मध्येच एक बाई दिसते, टेबलाशी बसून फिल्मच्या पट्ट्या बघते, कात्रीनं कापते, जोडते. ती त्याची बायको, येलिझावेता स्विलोवा. अख्खा सिनेमा तिनं जोडला. तिचं ते पट्टी उजेडात धरून बघणं मला अगदी माझ्यासारखं वाटलं, अस्तर उलटं-सुलटं बघावं तसं.

फोन किती उंचीवर धरायचा, ह्याबद्दल मात्र रशियाला जायला नको. आपल्या उदगीरच्या पलीकडं बिदर, बिदरच्या पुढं तेलंगणातलं जहीराबाद. तिथं पस्तापूर गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या कामातून शेतमजुरी करणाऱ्या, बहुतेक दलित बायका पंचवीसेक वर्षांपूर्वी कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आपला हा रेडिओ आहे ना, तसा 2008 साली सुरू झालेला ‘संघम रेडिओ’ही त्यांचाच. शिकवणाऱ्यांनी इंग्रजी नावं सांगितली, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि आपली नावं दिली. वरून खाली आणि खालून वर बघणाऱ्या कॅमेऱ्यांना त्यांनी जमीनदार आणि सालगडी ह्यांच्यातल्या नात्यावरून नावं दिली. आणि माणसाच्या डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीवरून घेतलेल्या चित्राला म्हणाल्या ‘संघम शॉट’. कारण संघमच्या बैठकीत सगळ्या जणी एकाच चटईवर बसतात.

हे ऐकल्यापासून मी माझे जुने व्हिडिओ परत बघितले. भाजीवाल्या मावशींचा व्हिडिओ मी उभी राहून घेतला होता. त्या खाली बसलेल्या, डोळे वर करून माझ्याकडं बघतायत, पैसे मागितल्यासारख्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले आणि तिथून घेतला. काय फरक पडावा! मावशींच्या मागं सगळा बाजार दिसला, आणि येणारं-जाणारं गिऱ्हाईक कसं दिसतं तेही दिसलं. गिऱ्हाइकाचं आधी पोट दिसतं, मग पिशवी, आणि तोंड शेवटी. भाव करताना कोण वाकतं आणि कोण वाकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मावशींनी तो व्हिडिओ बघितला आणि म्हणाल्या, “हे बग, मला रोज हेच दिसतंय.”

आता जरा नाजूक बोलते. नळाच्या पाण्याचा तो पहिला व्हिडिओ भाचीला पाठवला तोवर ठीक होतं. तो लोकांना आवडला म्हणून मी पुढच्या वेळी तसाच अजून एक केला आणि सगळ्यांसाठी टाकला. त्यात शेजारची सून नळावर होती. पदर खोचलेला, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आपल्याला त्यात काही वाटत नाही, पाणी भरताना बाई अशीच असते. पण तो तिच्या सासरच्या कुणीतरी लांबच्या गावी बघितला, खाली एका अनोळखी माणसानं घाण शब्द लिहिले होते तेही वाचले. रात्री त्यांच्या घरात भांडण झालं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. सकाळी ती माझ्याकडं आली. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, “ताई, मला इचारायचं तरी.” मी लगेच काढून टाकला. पण तोपर्यंत तो किती फोनमध्ये गेला ते कोण सांगणार? सहा महिने ती मोटार चालू करायला बाहेर आली नाही, नवरा यायचा.

म्हणून आता मी दोनदा विचारते. घेताना एकदा, आणि जोडून झाल्यावर ती चित्रं तिला दाखवून परत एकदा. ‘हो’ म्हणाली आणि नंतर ‘नको’ म्हणाली तर काढायचं, वाद घालायचा नाही. न्हाणीचा कोपरा, झोपलेलं माणूस, दवाखाना, मयत, हे घेत नाही. लहान पोरींचा चेहरा, शाळेचं नाव, गणवेश सगळ्यांसाठी टाकत नाही. आपण जिथं आहोत तिथून लगेच टाकायचं नाही, घरी येऊन टाकायचं. आणि तुम्हाला सांगते, टाकायलाच पाहिजे असंही काही नाही. माझे निम्म्याहून जास्त व्हिडिओ फक्त घरच्या ग्रुपवर असतात. तीन जणी बघतात. ओवी तरी किती जणी ऐकायच्या?

आणि एवढं करूनही कुणी आपल्या चित्राचा वाईट उपयोग केला, धमकी दिली, पैसे मागितले, तर गप्प बसू नका, पैसे देऊ नका. ते मेसेज पुसूही नका, त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. 1930 हा सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक आहे, 181 महिलांसाठीचा आहे. घरातल्या पोरीनं येऊन असं काही सांगितलं तर पहिल्यांदा तिचा फोन हिसकावू नका. फोन हिसकावतील ह्या भीतीनंच पोरी सांगत नाहीत. हे मी माझ्या लेकीकडून शिकले, तो किस्सा तिनं परवानगी दिली नाही म्हणून सांगत नाही.

शेवटचं सांगते आणि थांबते. तुम्हाला ठाऊक आहे, दसरा-दिवाळी झाली की आपला अर्धा जिल्हा उसाला जातो. उचल घेतलेली असते, मुकादमाचा ट्रक येतो, संसार वर चढतो. माझ्याकडं शिवायला येणाऱ्यांपैकी पुष्कळ जणी त्यातल्या. एक जण आहे, धारूर तालुक्यातली, पण बहिणीकडं पेठ बीडला येते तेव्हा माझ्याकडं कपडे टाकते. ती नवऱ्याबरोबर कोल्हापूरकडं जाते, पोरगी आजीजवळ राहते. गेल्या वर्षी पोरीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. मी कुणाचं कोण, पण पोरीचा परकर-पोलका मी शिवलेला होता, म्हणून गेले. पोरगी नाचली, तो नाच घेतला, पण त्याच्या आधीचंही घेतलं. आजी तिच्या वेण्या घालतेय, रिबिन दातात धरलीय, पोरगी हलतेय म्हणून आजी पाठीत धपाटा घालते. एका मिनिटाचा केला. गाणं लावलं नाही, आजीचं ओरडणंच ठेवलं. आणि पाठवला तिच्या आईला.

दोन दिवस निळी खूण आली नाही. फडात रेंज नसते. तिसऱ्या दिवशी रात्री तिच्याकडून एक व्हिडिओ आला. वीस सेकंदांचा. पहाटेचा अंधार, धुकं, ट्रॅक्टरच्या दिव्याचा उजेड. कोयत्याचा आवाज येतोय, एका लयीत, सप् सप् सप्, आणि मधेच मोळी आपटल्याचा धप्प असा. फोन कुणीतरी उसाच्या मोळीवर ठेवला असावा, कारण तो बरोबर तिच्या डोळ्याच्या उंचीला आहे. ती वळून बघते. मी शिवलेल्या ब्लाउजवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं. काही बोलत नाही. खाली लिहिलं होतं, ‘ताई याला गाणं लावून सोनीला पाठवा.’

मी ते अजून केलेलं नाही. सोनीला पाठवला, पण जसाच्या तसा. गाणं कुठलं लावायचं ते ती आली की तिच्याशेजारी बसून ठरवू, लावायचं असलं तर. ती कारखाना बंद झाल्यावर येईल, पाडव्याच्या आसपास.

तोवर तुम्हाला कुणाला शिकायचं असलं तर या. दुपारी तीननंतर माझं मशीन बंद असतं. येताना फोन चार्ज करून आणा, आणि नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी येऊ नका.